लाईट हाय की

माझ्या स्टेजवरच्या जोडीदाराचं वाटोळं व्हावं म्हणून मी बरीच वर्षं मनापासून प्रयत्न केले. प्रयत्न म्हणजे सगळे मनातल्या मनात. भर कार्यक्रमात त्याचा माईक बंद पडावा, त्याच्या पिक्चरच्या पहिल्या खेळाला थिएटरात फक्त त्याची सासू असावी, त्याला टक्कल पडावं आणि ते त्याच्या डोक्याला शोभू नये. यातलं एकही झालं नाही. केस तर आता आधीपेक्षा दाट दिसतात.

आम्ही दोघे नाशिकचेच. गंगापूर रोडच्या कॉलेजात एकांकिका केल्या, मग एका कॅफेच्या माडीवर स्टँड-अप सुरू केलं. तिथला अर्धा प्रेक्षक आमच्यासाठी नव्हे, सँडविचसाठी थांबलेला असायचा. त्यांना हसवता आलं म्हणून आम्हाला मुंबईत टीव्हीवरच्या स्किटच्या कार्यक्रमात घेतलं. माझे खांदे अरुंद, म्हणून साडी माझ्या वाट्याला आली. कितीतरी भाग मी त्याची बायको होतो आणि दर भागात त्याला फोमच्या लाटण्याने बडवायचो. आता वाटतं, लाकडी घ्यायला हवं होतं.

पुढे सिनेमे आले. मला हिरोच्या मित्राची कामं मिळायची. मित्र हिरोला म्हणायचा, 'अरे, ती बघ आली,' आणि कॅमेरा तिच्याकडे जायचा, तो परत माझ्याकडे यायचाच नाही. जोडीदार हुशार निघाला. तो लिहायला लागला.

माझे वडील मूळचे येवल्याकडच्या एका खेड्यातले. सातपूरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर त्यांचा जन्म गेला आणि त्या धडधडीत कान गेले. मशीनचं कव्हर आणि जेवणाच्या डब्याचं झाकण त्यांना सारख्याच आवाजात बंद करायची सवय. स्टेजवर मी त्यांच्यावर भरपूर विनोद केले. त्यांची स्कूटर, त्यांचा चिक्कूपणा, आमच्या टीव्हीचा आवाज, ज्यावर खालच्या मजल्यावरचे लोक त्यांच्या घरात मालिका बघतात. ते स्वतः पुढच्या रांगेत येऊन बसायचे. ऐकू काही यायचं नाही, पण लोक हसले की तेही हसायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "माझा पोरगा हाय." एकच गोष्ट मी कधी स्टेजवर नेली नाही.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती गोष्ट. घरात माणसं येत होती. आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावलेली होती आणि वडील कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालून खाली सतरंजीवर बसले होते. जोडीदार सकाळपासून आमच्याकडेच होता, हे मान्य करायला हवं. खुर्च्या त्यानेच आणल्या, चहाही तोच देत होता. वडिलांचे जुने सुपरवायझर आले, समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं हो."

वडिलांनी हात कानामागे धरला. मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, कारण त्या दिवसात उत्तर देता येईल असं पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारलं होतं.

"लाईट? हाय की! सकाळपासून हाय."

आणि पाहुण्याला खात्री वाटावी म्हणून ते उठले, भिंतीपाशी गेले आणि भर दुपारी ट्यूबलाईट लावून दाखवली. सुपरवायझरांनी वर बघून मान डोलवली. खोलीत कुणीही हसलं नाही. जोडीदार ट्रे घेऊन दारात उभा होता. माझी आणि त्याची नजरानजर झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

त्याने लिहिलेल्या पहिल्या पिक्चरमध्ये तो प्रसंग होता. तीच कानटोपी, तोच बिनबाह्यांचा स्वेटर, तोच कानामागे हात. म्हातारा उठतो, बटण दाबतो, ट्यूब लुकलुक करते आणि मग लागते. आमची ट्यूब न लुकलुकता लागली होती. त्या सबंध प्रसंगात तेवढंच काय ते त्याचं स्वतःचं लेखन. 'लाईट हाय की' रिक्षांच्या मागे लागलं, टी-शर्टवर आलं, लग्नात डीजेवाल्यांनी वाजवलं. मी फोन केला तर म्हणाला, "अरे, काकांना मानवंदना आहे ती. त्यांना आवडेल बघ."

काकांना त्यांचे कारखान्यातले मित्र थिएटरला घेऊन गेले. घरी आले ते चप्पल पायातच ठेवून खुर्चीवर बसले. मग त्यांनी मला विचारलं, "त्याच्यात हसण्यासारखं काय व्हतं रे?"

"काही नव्हतं, बाबा," मी कानाशी ओरडून सांगितलं.

"मंग समदे का हसले?"

लोकांना हसवून पोट भरणाऱ्या माणसाला याचं उत्तर देता यायला हवं होतं.

त्या दिवसापासून ते लोकांशी बोलेनासे झाले. आधी चुकीचं का होईना, पण ठणकावून उत्तर द्यायचे. आता कुणी काही विचारलं की नुसते हात जोडतात. कॉलनीतली पोरं गेटपाशी ओरडायची, "आजोबा, लाईट हाय का?" तर त्यांनाही हात जोडायचे. ते जोडलेले हात बघून माझं रक्त उसळायचं. कधीतरी आमच्या टीव्हीवर, त्याच प्रसंगाला न हसणारा एक तरी माणूस त्यांना दिसावा आणि तो मी असावा, एवढं माझ्या मनाने घेतलं.

संधी आपणहून चालत आली. आमच्या जुन्याच कार्यक्रमात मला पाहुणा म्हणून सोफ्यावर बसायला बोलावलं. या पाहुण्याचं काम एवढंच की समोरची स्किटं बघायची आणि मोठमोठ्याने हसायचं. त्याच भागात जोडीदार पिक्चरच्या दुसऱ्या भागाची जाहिरात करायला येणार होता आणि तो गाजलेला प्रसंग स्वतः करून दाखवणार होता. मी लगेच हो म्हणालो.

तो कानटोपी घालून आला. प्रेक्षक आधीच हसायला लागले. मी मांडीवर हात ठेवले आणि त्याच्या भुवयांच्या मधोमध बघत राहिलो. त्याने कानामागे हात नेला, मी तसाच. त्याने वाक्य टाकलं, सगळा हॉल कोसळला, मी तसाच. हसवणाऱ्या माणसाला हजार हसणारे दिसत नाहीत, एक न हसणारा दिसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. वाक्य पुन्हा घेतलं, जरा ताणून. बटण दाबायला गेला ते चुकीच्या भिंतीकडे. कपाळावर मेकअप ओघळला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

नंतर तो सोफ्याजवळ आला आणि हसत हसत म्हणाला, "आवडलं नाही का रे?"

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो.

तो भाग दाखवणार होते त्या रविवारी मी मुद्दाम नाशिकला गेलो. संध्याकाळी टीव्हीसमोर वडिलांशेजारी बसलो आणि त्यांच्या कानाशी म्हणालो, "बाबा, आज फक्त माझ्याकडे बघा. टीव्हीतल्या माझ्याकडे." त्यांनी चष्मा पुसून घेतला. शब्द त्यांना कळत नाहीत, ते चेहरे बघतात.

कानटोपी आली. हात कानामागे गेला. आणि पडद्यावर मी दिसलो. डोकं मागे टाकून, मांडीवर थापा मारत, डोळे पुसत हसत होतो. शर्ट तोच, सोफा तोच. त्या दिवशी आधीच्या एका स्किटमध्ये एका नव्या मुलीने बकरीचा आवाज काढला होता, तेव्हा मी असा हसलो होतो. ते हसू उचलून त्यांनी इथे लावलं होतं. अशी जोडाजोड करतात हे मला माहीत होतं, पण मला वाटलं होतं की फार तर मला दाखवणार नाहीत. त्यांनी मला तीनदा दाखवलं. बटण दाबलं तेव्हा सगळ्यात मोठं.

मोबाईलवर जोडीदाराचा मेसेज आला, 'भावा, एडिटिंगवाल्यांना सांगून तुझं हसू टाकून घेतलं. फार आंबट दिसत होतास. सांभाळून घ्यायला मित्रच लागतो.'

वडील पडद्याकडून माझ्याकडे वळले.

"तुला बी हसू आलं," ते म्हणाले.

"नाही आलं बाबा! ते दुसरीकडचं आहे! दुसऱ्याच गोष्टीला हसलो होतो, त्यांनी इथे चिकटवलंय!" मी इतका ओरडलो की समोरच्यांनी दार उघडलं. वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. माणूस हसताना दिसतोय आणि तोच माणूस म्हणतोय की मी हसलो नाही, हे त्यांना कसं पटावं?

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आसू दे रे. आसंल हसण्यासारखं. मलाच उमजलं नसंल."

मग ते पुन्हा टीव्हीकडे वळले आणि हसायला लागले. जोडीदार वाकून प्रेक्षकांना नमस्कार करत होता. मी रिमोट शोधून आवाज बंद केला, पण त्याने त्यांना काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम संपेपर्यंत ते हसत राहिले, मधूनमधून माझ्याकडे बघत, मला बरं वाटावं म्हणून.