नववी ‘ब’नं ऐकलेले ठोके

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांमध्ये वयात येणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या शरीराविषयी सांगायचे तास ठरवणं, हे माझं काम. तास मी स्वतः घेत नाही. मुख्याध्यापकांना भेटणं, पालकसभेत बोलणं, कुठल्या शाळेत कुणी जायचं ते बघणं, हे सगळं माझ्याकडे. आणि कुठं काही बिनसलं की पहिला फोन मलाच येतो. वेळापत्रकात शाळा आमच्या तासाला ‘आरोग्य’ म्हणतात. एका शाळेनं ‘संस्कार’ असं लिहिलं होतं. मी ते तसंच राहू दिलं. वर काय का लिहीनात, आत काय बोललं जातं ते मला महत्त्वाचं.

तास घेणाऱ्या तिघीचौघी आहेत, त्यांतली एक दौंडची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, तिशीतली, खणखणीत आवाजाची. वर्गात गेली की पहिल्या पाच मिनिटांत ती पाळी, लिंग, योनी, वीर्य असे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायची आणि म्हणायची, “आता हसून घ्या. पोट दुखेपर्यंत हसा. मग आपण काम करू.” मुलं हसायची, आणि खरंच थोड्या वेळानं हसून हसून थकायची. मुलं तिला ताई म्हणायची, म्हणून इथं मीही ताईच म्हणते.

ताईला दिवस गेले तेव्हा मी तिला म्हटलं, आता जवळच्या शाळा घे. ती ऐकेना. “डॉक्टरांनी चाला-फिरा म्हणून सांगितलंय,” म्हणायची आणि दोन गाड्या बदलून कुठंही पोचायची. कवठे येमाई, मांडवगण फराटा, एकही शाळा तिनं सोडली नाही. सातवा महिना लागला आणि शिक्रापूरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या ताई शिकवतात छान, त्याबद्दल दुमत नाही. पण आता त्या जरा... अवघडलेल्या आहेत ना. नववीच्या पोरांसमोर बरं दिसत नाही. दुसरं कुणी पाठवता का?”

“बघते,” असं म्हणून मी फोन ठेवला. खरं तर मलाही त्यांचं पटलं होतं. ती शाळा हायवेला लागून आहे. आसपासच्या बागायतदारांची मुलं तिथं येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कंपनी कामगारांचीही येतात, त्यांत बीड-परभणीची, यूपी-बिहारचीही. नववी ‘ब’ हा वर्ग तर असा, की एक शिक्षिका तास अर्धवट टाकून बाहेर आल्या होत्या. अशा वर्गासमोर सात महिन्यांचं पोट घेऊन कशाला उभं राहायचं?

मी ताईला मुख्याध्यापकांचं म्हणणं सांगितलं. ती हसायला लागली.

“म्हणजे मॅडम, फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढलेलं चालतं. खरं समोर आलं की लपवायचं?”

 मग तिनं पुढं सांगितलं. दवाखान्यात तिची तपासणी करणाऱ्या सिस्टरकडं एक हातात मावणारं यंत्र होतं. पोटावर टेकवलं की बाळाच्या हृदयाचे ठोके बाहेर ऐकू यायचे. “मी पहिल्यांदा ऐकले ना, तेव्हा माझा नवरा दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसला. उठेच ना. ते पोरांना ऐकवूया.”

मी तिला वेड्यात काढलं. पण त्याच आठवड्यात आम्ही दोघी मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. तिथं शाळा समितीवरचे आप्पाही होते. पांढरा सदरा, टोपी, सोसायटीच्या राजकारणात उभी हयात गेलेली. त्यांचा शब्द शाळेत शेवटचा.

सगळं ऐकून घेऊन आप्पा म्हणाले, “ह्ये शिकवायची गोष्ट हाय व्हय? आमाला कुनी शिकवलं? आमाला झालीच की पोरं.”

“झाली ना,” ताई म्हणाली. “पण त्यांचे ठोके कधी ऐकले होते का, आप्पा?”

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. “न्हाई बा.”

“मग तुम्हीपण या.”

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. शेवटी म्हणाले, “येतो. पन पोरं चेकाळली तर मी तितल्या तितं बंद करीन. मग मला काय म्हनायचं न्हाई.”

मुख्याध्यापकांनी आपली अट घातली : पडदा पाहिजे. ती आम्हाला मान्यच होती. डॉक्टरांनी होकार दिला, पालकांना कळवून झालं, सिस्टरनी यायचं कबूल केलं. एरवी आम्ही मुलं आणि मुली वेगवेगळी बसवतो. पण सिस्टरना एकच तास मोकळा होता, म्हणून त्या दिवशी सगळा वर्ग एकत्र बसला. मुली डावीकडं, मुलं उजवीकडं, आणि शेवटच्या बाकावर, गुडघे कसेबसे आत घालून, आप्पा.

उन्हं तापायला लागली होती. खिडक्या उघड्या, हायवेवर ट्रकची रांग. वर्गाच्या एका कोपऱ्यात तीन पायांच्या घोड्यावरचा जुना लाकडी फळा आडवा लावून त्यावर चादर टाकली होती, आणि मागं एक बाक.

ताईनं आधी नेहमीसारखा तास घेतला. मुलांच्या शरीरात काय बदलतं, मुलींच्या काय बदलतं, पाळी का येते, बीज कुठून येतं, दोन पेशी एकत्र येऊन एक कशी होते, आणि त्या एकीच्या दोन, चार, आठ कशा होत जातात. मुलं ऐकत होती, अधूनमधून खिदळतही होती. मागून दुसऱ्या बाकावर एक धिप्पाड मुलगा होता, वर्गाचा विदूषक म्हणावा असा. त्यानं मोठ्यानं विचारलं, “ताई, तुमी बॉल गिळला का?”

वर्गात हशा फुटला. आप्पा बाकातून निम्मे उठले.

ताई शांतपणे म्हणाली, “गिळला असता तर पोटाच्या पिशवीत गेला असता. ही पिशवी वेगळी. आत्ताच फळ्यावर काढली होती, तू खिडकीतून ट्रक मोजत होतास.” आता वर्ग त्याला हसला. तोही हसला. आप्पा खाली बसले.

मग ती आणि सिस्टर फळ्यामागं गेल्या. मी फळ्याच्या कडेला उभी होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं. ताई बाकावर आडवी झाली. सिस्टरनी यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. मग एक संथ आवाज आला, धप्... धप्...

“हे आईचे,” सिस्टर आतून म्हणाल्या. “बाळाचे शोधतेय.”

पुन्हा खरखर. एक ट्रक कर्कश हॉर्न वाजवत गेला. सिस्टर यंत्र इकडून तिकडं सरकवत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ताईनं छताकडं बघत ओठ दाबून धरले होते.  नाहीच सापडले तर? एवढ्या पोरांसमोर आपण हे काय करून बसलो?

वर्गाकडं बघितलं, तर वर्ग बदललेला. कुणी कुणाला कोपरानं ढोसत नव्हतं. मुख्याध्यापक उठले आणि एकेक खिडकी लावायला लागले. पुढच्या बाकावरची एक मुलगी, कुणी न सांगता, जाऊन पंख्याचं बटण बंद करून आली. पंखा कुरकुरत थांबला. उन्हाळ्याच्या तोंडावर बंद खोलीत ती सगळी मुलं घाम पुसायचंही विसरून बसली होती.

आणि आवाज आला.

मी स्वतः दोन बाळंतपणं केली आहेत. माझ्या वेळी डॉक्टरांनी नळी कानाला लावून “ठीक आहे” म्हटलं, तेवढंच. मी तो आवाज तोवर कधी ऐकलाच नव्हता. टपटप-टपटप-टपटप, न थांबता, न दमता, कुणीतरी लांबून भरधाव येत असल्यासारखा.  सिस्टरनी आवाज वाढवला. तो भिंतीवर, छतावर आपटायला लागला, सगळी खोली त्याच्यानं भरली.

“आयला,” एक मुलगा हळूच म्हणाला, “घाटात घोडी पळतीय.”

बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीला इकडं घाट म्हणतात; तिथं बैलांपुढं घोडी पळवतात, तिच्याबद्दल तो म्हणत होता. अगदी तसाच होता तो आवाज. पण कुणी हसलं नाही.

तो धिप्पाड मुलगा उभा राहिला होता. आपण उभे आहोत हे त्याला कळलेलं नव्हतं. “ताई,” त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज फाटला, “एवढं फास्ट का पळतंय? घाबरलंय का?”

“नाही रे,” फळ्यामागून ताई म्हणाली. “त्या वयात हृदय असंच पळतं. आपल्या जवळजवळ दुप्पट. आपापली नाडी बघा.”

सगळ्यांनी मनगटं धरली. मुख्याध्यापकांनीही धरलं. शेवटच्या बाकावर आप्पा दोन बोटं मनगटावर ठेवून ओठ हलवत मोजत होते, टोपी मांडीवर.

खिडकीजवळच्या एका मुलीनं बिचकत विचारलं, “दीदी, हमारी आवाज जाती है क्या उसको?”

“जाती है ना.”

एवढं ऐकलं आणि एकजण शेजाऱ्याच्या अंगावर खेकसला, “गप बस की! झोपलं आसंल.”

“बोला त्याच्याशी काहीतरी,” ताई म्हणाली.

आता मोठी पंचाईत झाली. ज्या वर्गाला गप्प बसवता बसवता शिक्षक मेटाकुटीला यायचे, त्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मग अगदी मागून कुणीतरी घसा खाकरला.

“बाळा,” आप्पा म्हणाले, “नीट ये रं.”

त्यानंतर मात्र धरण फुटल्यासारखं झालं. कुणी नमस्ते म्हणालं, कुणी हाय म्हणालं, कुणी “शिक्रापूरला ये, पावभाजी खाऊ घालतो” म्हणालं. मुली रडतही होत्या आणि हसतही होत्या. मी फळ्याची कड घट्ट धरून उभी होते. इतकी वर्षं मी या कामासाठी लोकांच्या दारात जाऊन समजावत आले, की हा विषय घाण नाही, लाजायचा नाही. हजारदा बोलले असेन. त्या खोलीत ते कुणाला सांगावंच लागलं नाही.

ताई ओढणी सारखी करत बाहेर आली, तेव्हा एका मुलानं ठरलेला प्रश्न विचारला, “मुलगा हाय का मुलगी?”

आप्पांनी मान वर केली.

“ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, तसा कायदाच आहे,” ताई म्हणाली. “पण तुम्ही सगळ्यांनी ठोके ऐकले ना? त्यातून कुणाला कळलं का, मुलगा की मुलगी?”

कुणालाच कळलं नव्हतं. 

उरलेल्या तासात आलेले प्रश्न मी जन्मात विसरणार नाही. एका मुलीनं विचारलं, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं शरीर यासाठी तयार असतं का, तिच्या मावसबहिणीचं लग्न ठरतंय. एका मुलानं विचारलं, मूल इतक्यात नको असेल तर माणसानं काय करायचं. ताईनं निरोध म्हणजे काय, तो कसा वापरायचा, सगळं सांगितलं. एरवी या शब्दावर बाक वाजवणारा वर्ग तो. त्या दिवशी वह्यांत लिहून घेत होता. आप्पांनी काहीही बंद केलं नाही. जाताना ते ताईपाशी थांबले, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात पडले, आणि शेवटी नुसतं “जपून जा, पोरी” म्हणाले.

दोन-अडीच महिन्यांनी, उन्हाळी वर्गासाठी मी पुन्हा त्या शाळेत गेले. फाटकाबाहेर एक बाई कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा.

“तुमीच का त्या मॅडम? नववी ‘ब’च्या?” तिनं विचारलं आणि आपल्या मुलाचं वर्णन केलं. तो धिप्पाड मुलगा.

मला वाटलं, आता तक्रार. “काही चुकलं का आमचं?”

“चुकलं न्हाई हो. पन काय सांगितलंत पोराला? त्या दिवशी घरी आला, दप्तर टाकलं, आन् चुलीपाशी येऊन बसला. म्हनतो, आई, मी पोटात व्हतो तवा तू काय करत व्हतीस?” ती बोलता बोलता हसायला लागली. “मी म्हनलं, काय करनार? नवीनच आलो व्हतो हितं. पॅकिंगला हुबी राहत व्हते दिवसभर. काम जाईल म्हनून ढगळ ॲप्रन घालायची, पोट दिसू न्हाई म्हनून. आठ महिने कुनाला कळू दिलं न्हाई. तर म्हनतो, पाय दुखत व्हते का? मी म्हनलं, दुखत व्हते की. मंग म्हनला, आन् जन्मलो तवा? सगळं सांग.”

“सांगितलंत?”

“सगळं. भात करपला.” तिनं पदरानं डोळे टिपले. “मॅडम, मला आजवर कुनी ह्ये इचारलंच न्हवतं. नवऱ्यानं न्हाई, माझ्या आईनं न्हाई. मलाच म्हाईत न्हवतं, मला एवढं सांगायचं हाय म्हनून.”

 मग तिनं विचारलं, “त्या ताई सुटल्या का नीट?”

“सुटल्या. दौंडलाच. मुलगी झाली, दोघी छान आहेत.”

“बरं झालं बाई. पोरगा रोज इचारतो. आमचं बाळ आलं का, म्हनतो.”

बस आली. ती धावत जाऊन चढली. बसायला जागा नव्हती, दांडा धरून उभीच राहिली. बस हायवेला लागेपर्यंत मला काचेतून दिसत होतं, ती शेजारच्या बाईकडं वळून, मोकळा हात हलवत, काहीतरी भरभरून सांगत होती.