अठ्ठ्याण्णव गुणांची फाइल

आम्रपाली ओव्हाळ बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढत होती आणि त्याबद्दल तिला पगार मिळत होता. पुण्यात हे काम बहुतेक लोक जन्मभर हौसेनं आणि फुकट करतात. त्यामुळे तिच्या धायरीतल्या सोसायटीत तिच्या नोकरीचं कुणाला विशेष अप्रूप नव्हतं.

कोथरूडमधल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. मग कंपनीनं कोड लिहून देणारा एआय सहायक घेतला आणि तपासणी विभाग बंद केला. यंत्र चुका करत नाही असं यंत्राच्या जाहिरातीतच लिहिलं होतं, आणखी काय पुरावा हवा? बाकीच्यांना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. आम्रपाली वाचली ती एका नव्या पदामुळे. आता प्रत्येक टीमनं सहायकासाठी एक सूचना-फाइल लिहायची होती: प्रकल्प काय आहे, कोड कसा लिहायचा, कशाला हात लावायचा नाही. काम सुरू करण्याआधी सहायक ती वाचणार. त्या फायलींचा दर्जा ठरवायला कुणीतरी हवं होतं.

“म्हणजे तू नक्की करतेस काय?” एसटीतून निवृत्त झालेल्या रामदासरावांनी लेकीला विचारलं.

“पप्पा, यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना मी वाचते.”

“आमच्या डेपोत माणसांसाठी लिहिलेल्या सूचना कुणी वाचत नव्हतं,” ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पेपरात डोकं खुपसलं.

पहिली फाइल आली शौनकची. शौनक एका दूध संघासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमचा प्रमुख होता. हुशार मुलगा, पण बोलायला लागला की समोरच्याला आपण पडद्यावर सरकणारी स्लाइड पाहतोय असं वाटायचं. त्याची फाइल हजारभर ओळींची होती. कंपनीच्या गुण देणाऱ्या यंत्रानं तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले होते. मॅनेजर चेतन खूश होता. “तू फक्त शिक्का मार,” तो आम्रपालीला म्हणाला.

शिक्का मारण्याआधी वाचायची तिला वाईट सवय होती.

फाइलची सुरुवातच ‘तू जगातला सर्वोत्तम इंजिनिअर आहेस’ अशी होती. इतकं कौतुक त्या मजल्यावर आजवर कुठल्या माणसाच्या वाट्याला आलं नव्हतं. मग ‘प्रत्येक बदलाआधी परवानगी घे’ असं होतं आणि बरंच खाली ‘सारखं विचारत बसू नकोस’ असं. एकीकडे प्रत्येक फंक्शनवर, म्हणजे कोडच्या प्रत्येक तुकड्यावर, टिप्पणी लिहायची होती, दुसरीकडे टिप्पण्यांनी कोड भरायचा नव्हता. चाचण्या चालवायची जी आज्ञा दिली होती, ती गेल्या वर्षीच बंद झाली होती. आणि ‘कोड स्वच्छ, सुंदर, दर्जेदार असावा’ हे तर इतक्या वेळा आलं होतं, की एखाद्या लॉजच्या जाहिरातीची आठवण व्हावी.

आम्रपालीनं साधी गोष्ट केली. ज्यांची उत्तरं माहीत आहेत अशी काही जुनी कामं निवडली आणि सहायकाला दोनदा करायला दिली, एकदा फाइलसकट, एकदा फाइलशिवाय. फाइलशिवाय त्यानं बरी केली. फाइल दिल्यावर त्यानं आधी परवानगी मागितली, मग मागितल्याबद्दल माफी मागितली, टिप्पण्या लिहिल्या, पुसल्या, आणि न चाललेल्या चाचण्या यशस्वी झाल्याचं आनंदानं कळवलं.

हे तिनं मीटिंगमध्ये मांडलं.

“पण टूलनं अठ्ठ्याण्णव दिलेत,” चेतन म्हणाला.

“टूल लांबी आणि मथळे मोजतं. या फाइलनं सहायकाचं काम सुधारतं का, हे ते बघतच नाही. जगाला माहीत असलेलं सगळं हिच्यात आहे. फक्त आपल्यालाच माहीत असलेलं काहीच नाही. शौनक, ही तूच लिहिलीस ना?”

“माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाली आहे,” शौनक म्हणाला.

फाइल आहे तशी वापरायची असं ठरलं. आम्रपालीच्या सूचनेचा मान राखून तिच्यात एक ओळ वाढवली: ‘गोंधळून जाऊ नकोस.’

पुढच्याच आठवड्यात सहायकानं कोड स्वच्छ केला. तारीख काढणारी दोन फंक्शनं त्याला सारखीच वाटली. त्यानं एक उडवलं. दूध संघात संध्याकाळचं संकलन दुसऱ्या दिवसाच्या खात्यात धरतात. ते आता त्याच दिवशी पडायला लागलं. त्या दिवसाच्या आकड्यात आदल्या संध्याकाळचं आणि त्या संध्याकाळचं असं दोन्ही दूध आलं, त्यावरून जास्तीचे टँकर मागवले गेले आणि दुसऱ्या दिवशी ते अर्धे रिकामे परत गेले. संघातून फोन आले. त्यातली भाषा फाइलमधल्या कुठल्याच शैलीत बसणारी नव्हती.

संध्याकाळी शौनक आम्रपालीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. स्लाइड बंद पडल्यासारखा.

“ती दोन फंक्शनं वेगळी का आहेत, तुला माहीत होतं?” तिनं विचारलं.

“मीच लिहिली होती. संघात चार दिवस राहून, सगळं समजून घेऊन.”

“मग फाइलमध्ये का नाही?”

“फाइल मी लिहिली नव्हती ना. सहायकालाच सांगितलं, तुझ्यासाठी चांगली फाइल लिही. गुण देणारंही त्याचंच भावंड. मी... वाचलीही नाही पूर्ण.”

आम्रपालीच्या ओठांवर बरंच काही आलं होतं. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं, खुर्ची ओढून दिली आणि म्हणाली, “बस. संघात काय काय बघितलंस ते सांग.”

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. संध्याकाळच्या दुधाची तारीख का बदलते. कुठलं फंक्शन कुरूप दिसलं तरी का ठेवायचं. चाचण्या आता कशा चालवतात. ‘सर्वोत्तम इंजिनिअर’ तिनं खोडलं तेव्हा शौनकला किंचित वाईट वाटलं. सगळं मिळून पानभर झालं. सहायकाला तीच जुनी कामं परत दिली. त्यानं ती मुकाट्यानं नीट केली.

टूलनं या पानाला एक्केचाळीस गुण दिले.

“हे वर पाठवायला बरं दिसत नाही गं,” चेतन कळवळून म्हणाला.

“मग मोठी फाइल वर पाठव आणि छोटी सहायकाला दे,” आम्रपाली म्हणाली. ती टोमणा मारत होती. चेतननं तिची व्यवहारबुद्धी वाखाणली आणि तसंच केलं.

वर मोठ्या फाइलचं फार कौतुक झालं. वार्षिक समारंभात शौनकला तिच्यासाठी पारितोषिक मिळालं. तो माईकपाशी गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, “ही फाइल मी लिहिलेली नाही, वाचलेलीही नाही. जी कामाची आहे, ती आम्रपालीनं माझ्याकडून काढून घेतली.”

सभागृहात हशा पिकला. शौनक इतका विनोदी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. आम्रपाली मात्र हसली नाही. तिनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी दुसऱ्या टीमची पूर्वा तिच्या टेबलाशी आली. हातात बाराशे ओळींची फाइल होती आणि आवाज एकदम खालचा. “चेतनला सांगू नकोस,” ती म्हणाली, “पण यातलं काय काय फेकायचं?”

आम्रपालीनं तिच्यासाठीही खुर्ची ओढली.