काकांचे पावणेतीन तास

गुलाबरावकाकांच्या घरचे सगळे रेल्वेत; हे एकटेच मोटारींच्या पोटात शिरले. तेलीबांध्याच्या आमच्या कार वर्कशॉपमध्ये त्यांच्या हाताला तोड नाही. मी तिथे बिलं बनवते.

मालक भार्गव, ओठात एक नि पोटात एक असा माणूस. एका सकाळी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन आला. "काका, घंटे का रेट तय करना है। आज ज़रा हाथ दिखाओ."

काका फुलले. कौतुकाची भूक कुणाला नसते? क्लचप्लेट बदलायला इतरांना चार तास लागतात. काकांनी, ना चहा ना पाणी, पावणेतीन तासांत गाडी सुरू करून दिली. टाळ्या झाल्या, जिलबी आली. ती मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भार्गवने माझ्याकडून दोन तक्ते टाइप करून घेतले. मेकॅनिकांच्या मजुरीसाठी क्लचचे पावणेतीन तास, मग काम कितीही वेळ चालो. गिऱ्हाइकाच्या बिलासाठी पाच. ह्याला म्हणे रेट बसवणं! शिसारी आली मला. टाइप मात्र एकही चूक न करता केलं.

पगार झाला तशी डब्याला काकांजवळ कुणी बसेना. प्रशिक मेकॅनिक तोंडावर म्हणाला, "काका, हौस तुमाले होती, पोट आमचं कापल्या गेलं."

महिनाभर काका एकटे जेवले. मग एकदा माझ्या टेबलाशी आले. "पोरी, गिऱ्हाइकाच्या बिलात किती तास लिहून राहिली तू?"

मी सांगितलं. काका बाहेर जाऊन थुंकून आले.

शनिवारी चौबे कॉलनीतल्या मंजिरीताई गाडी न्यायला आल्या. हात पुसत काका सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, तुमच्या क्लचले पावणेतीन तासच लागले. म्या केलं ना काम! पाच तासाचे पैसे देऊ नोका."

नटबोल्टांवरचे पाने थांबले. प्रशिक काकांशेजारी येऊन उभा राहिला. ताईंनी बिल माझ्यापुढे धरलं. "खरं काय गं?"

काचेपलीकडून भार्गव माझ्याकडेच बघत होता.

"काका म्हातारे झालेत," मी म्हणाले. "त्यांच्या लक्षात राहत नाही."

प्रशिकने काकांचा डबा उचलला आणि सगळे मेकॅनिक त्यांच्यासोबत बाहेर जेवायला गेले. मी पाच तासांची पावती फाडून दिली.

सोमवारी काकांना कामावरून काढलं. घरी मी अजून भार्गवलाच शिव्या घालते.