उपरण्याखालचा सौदा
पोळ्याला शिंगं रंगवायच्या वार्निशचा वास आला, की मला जवळा बाजार गावच्या बैलबाजारातली ती दुपार आठवते आणि उगीच पाय दुखायला लागतात. मी आणि माझ्या मित्रानं बैल विकायची वेबसाइट काढली होती, इतकी सोपी की बैलानं खुरानं दाबली तरी चालावी. संध्याकाळी हिंगोलीत जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या संगणकवाल्यांची बैठक होती, म्हणजे अकरा जण, त्यातले चार चहापुरते. तिथं एक तरी झालेला सौदा दाखवायचा, नाहीतर मित्र पुण्याची नोकरी धरणार, असं ठरलं होतं. हजारेक जणांनी हाकलल्यावर तांड्यावरचे एक काका तयार झाले. बैलाचा फोटो, दात, चाल, सगळं भरून झालं; राहिली किंमत. "ही साऱ्यायला दिसती का?" "व्हय काका, तीच तर सोय हाय." "ही सोय न्हाई बापा, दवंडी हाय," म्हणत काकांनी समोरच्या व्यापाऱ्याचा हात धरला, वरून उपरणं टाकलं, आत बोटं दाबून कुणाला न दिसता भाव ठरवला आणि बैल विकला. "झाला सौदा, लिव आता." "पण कितीला?" "ते तुला काहून सांगू?" किमतीशिवाय आमची वेबसाइट सौदा धरतच नव्हती, ती अट माझीच. त्याच आठवड्यात मित्र पुण्याला गेला. मी आता दुसऱ्यांच्या कंपनीसाठी घरी बसून फॉर्म बनवतो. किमतीचा रकाना आला, की हात जरा थांबतो. मग साहेबांनी सांगितल्याप्रमाणे तो सक्तीचा करतो आणि पुढच्या फॉर्मला लागतो.