नगीनभाईंचा अमेरिकन मुलगा

तापीकाठच्या आमच्या गावात चार घरांआड एक मुलगा परदेशात. त्यामुळे टपरीवर किश्श्यांना तोटा नाही. पूर्वी आम्ही ते हसत सांगायचो. हल्ली सांगणारा मध्येच चहाचे पैसे देऊन उठतो. त्यातले बरेचसे किस्से माझ्या मित्राच्या, नगीनभाईंच्या घरचेच.

त्यांच्या हितेशने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, तेव्हा नगीनभाईंनी पेढे वाटले. आमच्यातल्या वकिलांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता तो भारताचा नागरिक नाही बरं!"

"कसा नही? जनम तं आठलाच, ह्या गावनाच शे ना!" नगीनभाई म्हणाले.

"तिथली शपथ घेतली की इथलं आपोआप संपतं."

"आरे, पन सरकारनं पत्र तं उनं नही!"

"पत्र लागत नाही, भाई."

उरलेले पेढे नगीनभाईंनी घरी नेले.

*

निवडणुकीत प्रचारवाला हितेशच्या नावाची मतदार-चिठ्ठी घेऊन आला. नगीनभाईंनी ती परत केली. "नाव काढा. त्याले आते मत नही."

प्रचारवाला हसला. "ऱ्हाऊ द्या ना, काका! यादीत मेलेलेबी शेतस, हाऊ तं जित्ता शे!"

मतदानाच्या दिवशी नगीनभाई स्वतःही गेले नाहीत.

*

शेजारची केळीची बाग विकायला निघाली. "पप्पा, माझ्या नावावर घेऊन टाका," हितेश फोनवर म्हणाला.

शेजारी बसलेल्या वकिलांनी नकारार्थी मान हलवली. "परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. बापाची मात्र वारसाने मिळेल."

"आयकं का रे?" नगीनभाई फोनमध्ये ओरडले. "मी मरस तोपावत थांब!"



*

मळ्यात कामाला येणाऱ्या, डोंगरातल्या मोलगी गावाकडच्या वंतीने, हितेशला यायला व्हिसा लागतो हे ऐकून एकदा नगीनभाईंच्या बायकोला, शारदाबेनला विचारलं, "भाभी, तुन्हा पोऱ्यानी काय गुन्हा कया? सोतानाच घर येवाले त्याले परवानगी कसाले?"

"गुन्हा नही कया," शारदाबेन म्हणाल्या. "नागरिकत्व कोनी काढी लिधं नही. त्यानीच सोडं."

*

शारदाबेन गेल्या. हितेश मिळेल तो व्हिसा काढून धावत आला. आम्ही त्याच्यासाठी थांबलो होतो. त्याने अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी वकील दबकत म्हणाले, "घरी परदेशी नागरिक उतरला की पोलिसांना कळवावं लागतं." हितेशच्या व्हिसाचा कागद घेऊन मी नगीनभाईंबरोबर ठाण्यात गेलो.

"कोन शे परदेशी?" जमादाराने विचारलं.

"मन्हा पोऱ्या."

"कसाले उना?"

"मायले आगीन देवाले."

जमादाराने पेन थांबवलं. व्हिसा पुन्हा वाचला.

"काका... यावर तं पर्यटन शे. पर्यटन लिखू?"

नगीनभाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लिखा," ते म्हणाले.