मुद्दाम पाडणारा

पोटासाठी माणसं काय काय करतात, पण चांगला चालता प्रोग्राम रोज मुद्दाम पाडून पगार घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मला त्याचा हेवा वाटायचा. गुरगावात तेव्हा काचेच्या नव्या इमारती आणि मोहरीची शेतं एकमेकांना खेटून होती. आमची लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांच्या तळाशी बसणारा कोड. वरचा प्रोग्राम कोसळला, की त्यातल्या कोणत्या भागाने कोणत्या भागाला कामाला बोलावलं होतं याची यादी तिने शेवटापासून सुरुवातीपर्यंत, उलटी छापायची. ही लायब्ररी लिहायचो मी. तो अशा बोलावण्यांच्या वीस-वीस पायऱ्या खाली उतरून प्रोग्राम पाडायचा, आणि यादीत एखादी पायरी गळली की पेढा मिळाल्यासारखा हसायचा. माझं चाललेलं कोणी बघत नसे. याने मोडलं की साहेब येऊन पाठ थोपटत. जळफळाट होणार नाही तर काय!

उलट माग काढत जाण्याची ही त्याची खोड घरीही सुटत नसे. दिल्लीत आर. के. पुरमच्या त्याच्या घरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एकदा वरण करपलं. त्याची आई म्हणाली, "फोन आला म्हणून." हा सुरू, "कोणाचा? त्यांना नंबर कोणी दिला?" सातव्या प्रश्नाला निघालं, नंबर यानेच दिला होता. "बिल्कुल बरोबर," म्हणत त्याने ते वरण आनंदाने ओरपलं.

मग अमेरिकेची जागा निघाली. जागा एक, आम्ही दोघं. परदेशी पाहुण्यांसमोर लायब्ररी दाखवताना ती अचानक आडवी झाली. त्याने दोन मिनिटांत माग काढला. नवव्या पायरीवर माझी चूक. त्याने यादीचा छापील कागद पाहिला, मला पाहिलं, आणि घडी घालून खिशात टाकला.

"सॉरी सर, मेरा टेस्ट था. हटाना भूल गया."

साहेबांना पटलं, पाडणं हा त्याचा धंदाच होता. मी पाहुण्यांना चहा विचारू लागलो. संध्याकाळी बसमध्ये मी त्याला विचारलं, "का रे?"

"अरे यार, तुला जायचं होतं ना? मला काय, पाडायला इथेही खूप आहे."

मी गेलो, कमावून परतलो, आता गुरगावातच विसाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत बसून कधी मी माझं बरं चाललेलं सगळं उलट वाचत जातो: हे घर, ती नोकरी, ते विमान. दर वेळी यादी त्या घडी घातलेल्या कागदापाशी थांबते. त्याच्या जागी मी असतो तर कागद साहेबांच्या हातात दिला असता. हेवा अजून वाटतो, तो याचाच.