फय्याज दुभाषी

मेहरबी आमच्या गल्लीत बांगड्या भरायला यायची. बाईचा हात आपल्या हातात घेऊन, बोटं दाबून ती बांगडी चढवायची आणि तेवढ्यात घरची सगळी खबर काढून घ्यायची. बोली आमच्यासारखीच वऱ्हाडी. पण तिच्या घरात आणखी एक जबान होती. तिचा बाप निजामाच्या फौजेतला अरब शिपाई. अशा शिपायांना आणि त्यांच्या लेकराबाळांना आमच्याकडे चाऊस म्हणतात. हिंगोलीच्या छावणीतली नोकरी सुटल्यावर तो वाशीमात आला, इथल्याच बाईशी निकाह लावला आणि आपली अरबी त्यानं एकुलत्या एका लेकीला दिली. मेहरबीनं ती आपल्या लेकाला, फय्याजला दिली. नवरा लवकर गेला. मायलेकांचं भांडण, लाड, दुसऱ्याला कळू नये असं सगळं त्या जबानीत चालायचं.

फय्याज कापसाच्या जिनिंगात कामाला होता. लगीन झालं, लतीफा घरात आली, आणि वर्षभरात जिनिंग बंद पडलं. मग तो मुंबईला गेला. तिथं डॉक्टरकीच्या कॉलेजला जोडलेला एक मोठा दवाखाना होता. आगबोटीनं बसऱ्याहून, कुवेतहून, बहारीनहून, मस्कतहून रोगी तिथं येत. त्यांच्यासाठी वेगळे वॉर्ड होते. फय्याज लागला तो रोग्यांची गाडी ढकलायला. एके दिवशी एक म्हातारा बसरेवाला ओरडत होता आणि कोणाला काही कळत नव्हतं. फय्याज म्हणाला, "साहेब, त्याले उताणं निजवू नका, त्याचा दम कोंडते म्हणते तो." त्या दिवसापासून त्याची गाडी सुटली. तो दुभाषी झाला.

पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. बहारीनचा एक मोती काढणारा, सालिम नावाचा, पाय सडवून आला होता. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागणार होता. मोठे सर्जनसाहेब फय्याजला म्हणाले, "त्याला सांग, जखम धुणार आहोत."

"आन पायाचं, साहेब?"

"पायाचं सांगितलंस तर तो उठून जाईल आणि आठ दिवसांत मरेल. चालेल तुला?"

फय्याजनं सालिमला सांगितलं, "खैर आहे. नुसतं धुणार आहेत." अरबीत खैर म्हणजे चांगलं, बरं. सालिमनं हसत कागदावर अंगठा दिला. क्लोरोफॉर्म उतरल्यावर त्यानं चादरीखाली हात घातला. मग त्यानं फय्याजची गचांडी धरली. दोन जणांनी मिळून ती सोडवली. सालिम जगला, एका पायावर जहाजात चढून गेला. साहेब म्हणाले, "पाहिलंस? तुझ्यामुळे जगला." फय्याजला ते पटलं. पटलं नसतं तर त्याला तिथं राहता आलं नसतं.

पुढं जीव वाचवायचं कारणही लागेनासं झालं. त्या दवाखान्यात नुसते रोगी बरे करत नसत, त्यांच्यावर डॉक्टर घडवत. चांगला, म्हणजे दुर्मिळ, आजार घेऊन कोणी आलं की त्याला ठेवून घेत. विलायतेतून मोठमोठे सर्जन पाहुणे येत, त्यांना दाखवत. कुवेतची एक बाई, उम्म राशिद, म्हणजे राशिदची आई, मानेत गाठ घेऊन आली. तशी गाठ कॉलेजात कोणी पाहिली नव्हती. परदेशातला एक नामी सर्जन तीन महिन्यांनी येणार होता. ऑपरेशन त्याच्यासमोर, शिकणाऱ्या पोरांनी भरलेल्या थेटरात करायचं ठरलं. तोवर तिला रोज रंगीत पाण्याचं औषध मिळे. ती विचारी, "माझा राशिद दोन वर्षांचा आहे. रमजानला घरी असेन ना?" फय्याज म्हणे, "खैर. औषध लागू पडतंय." गाठ डोळ्यांदेखत वाढत होती.

ह्या फय्याजला वाशीमात आम्ही ओळखत नव्हतो. वर्षातून एकदा यायचा तो टोपी घालून, खिशात पेन लावून. गल्लीतले लोक म्हणत, मेहरबीच्या लेकाचं डॉक्टरात नाव आहे. मेहरबीही बांगड्या भरताना सांगायची, "माह्या फय्याजच्या जबानीबिगर तिथं चाकू चालत नाई."

सन एकतीसच्या उन्हाळ्यात मेहरबीच्या छातीत गाठ निघाली. लतीफानं कळवताच फय्याज आला, हात लावून पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आईला सर्विस मोटारीनं अकोल्याला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला घेऊन गेला. इतकी वर्षं तिथं काढल्यावर त्याला एवढं कळत होतं, की गाठ अजून सुटी आहे, आत रुतलेली नाही, काढली तर आई जगेल. जनरल वॉर्डात खाटा नव्हत्या. त्यानं सिस्टरच्या हातापाया पडून परदेशी बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात आईची खाट टाकून घेतली. त्याला वाटलं, आईला चार अरबी बोलणाऱ्या बाया मिळतील. बापाच्या मरणानंतर तिनं लेकाखेरीज कोणाच्या तोंडून ती जबान ऐकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहरबीला विद्यार्थ्यांसमोर नेलं. साठ वर्षांची बाई, परक्या पुरुषापुढं पदर न ढळू दिलेली. तिला उंच टेबलावर बसवलं, चादर कमरेपर्यंत खाली केली. समोर बाकांवर कोट घातलेली पोरं. साहेबांनी गाठ कुठं, कशी, किती हलते ते सांगितलं, आणि मग पोरं रांग लावून एकेक जण येऊन गाठ दाबून पाहू लागली. फय्याज तिच्या पाठीशी उभा होता.

तिनं मान न वळवता अरबीत विचारलं, "आणखी किती जण?"

"बस, एकच."

एक झाला, दुसरा आला. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "आता एकच, अम्मा." असे एकवीस जण झाले. मेहरबीनं मग विचारणं सोडून दिलं. तिनं डोळे मिटले आणि ओठ दाताखाली धरले. एका पोरानं दोनदा हात लावला, पहिल्या खेपेला नीट समजलं नव्हतं म्हणून.

दुपारी खाटेवर ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. पलीकडच्या खाटेवरून उम्म राशिद उठून आली. मेहरबीला अरबी येते हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण ही कोणाची कोण ते ठाऊक नव्हतं. त्या बायांचं, आणि पुढं फय्याजचंही, बोलणं अरबीत झालं, मी आपल्या बोलीत सांगतो.

"दाखवलं का तुले?" उम्म राशिदनं विचारलं.

"हो."

"मले चौदा वेळा दाखवलं. ऐक बाई, तू नवी आहेस. इथं एक दुभाषी आहे. तो जे सांगन त्याच्या उलटं समज. धुणार म्हणला का कापते. घरी धाडणार म्हणला का ठेवून घेते. आन 'खैर' म्हणला तं मंग देवाचंच नाव घे. आमी त्याले खैरचा बाप म्हणतो."

"कोण तो?"

"येईन आता. टोपीवाला. खिशाले पेन लावते."

मेहरबी कूस बदलून दाराकडं पाहू लागली.

थोड्या वेळानं फय्याज आला. तो आला तशा वॉर्डातल्या बाया बोलायच्या थांबल्या. एकीनं बुरखा तोंडावर ओढला, दुसरीनं पाठ फिरवली. त्याला ह्याची सवय होती, त्यामुळं त्याच्या लक्षात आलं नाही. पण मेहरबीनं एकेकीकडं पाहून घेतलं. फय्याज खाटेच्या कडेला बसला, तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि दाबत म्हणाला, "अम्मा, खैर आहे. परवा गाठ काढतील. मग तू मोकळी."

उम्म राशिद उभीच होती. तिनं आधी त्याच्याकडं, मग मेहरबीच्या पायांकडं पाहिलं.

"आईलेबी?" ती म्हणाली.

मेहरबीनं पाय ओढून घेतले.

"ह्या बाईले तू काय सांगतलं, फय्याज?"

"कोणत्या?"

"ही उभी आहे ती. हिले औषध लागू पडते म्हणून सांगतलं ना तू? खरं आहे ते?"

त्यानं उम्म राशिदकडं पाहिलं नाही. "अम्मा, तुहं वेगळं आहे."

"हिचं खरं आहे का, ते सांग."

"नाई."

"काहून सांगतलं मंग?"

"साहेब जे म्हणते ते मी सांगतो. माहं काम आहे ते."

उम्म राशिद खाटेवर जाऊन बसली. मानेवरच्या गाठीवर हात ठेवून राहिली.

फय्याजनं मग सगळं खरं सांगितलं. गाठ नुसती निघणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल, काखेपर्यंत कापावं लागेल, दुखेल, पण ती जगेल. नाही कापलं तर दीड वर्ष. त्यानं कधी कोणाला इतकं खरं सांगितलं नव्हतं. मेहरबी ऐकत राहिली.

"सकाळी मी तुले किती खेप विचारलं, किती जण राह्यले म्हणून?"

"अम्मा, तुले धीर यावा म्हणून मी..."

"एकवीस जण झाले. मी मोजले. आता तू म्हणतं का जगशीन. मी काय मोजू?"

तो साहेबांच्या हाताखालच्या डॉक्टरांना घेऊन आला. ते मराठी होते, त्यांनी नीट समजावलं. मेहरबी म्हणाली, "ह्याले तुमीच शिकोलं नं?" डॉक्टर दाराबाहेर येऊन फय्याजला म्हणाले, "उगाच वेळ घालवू नकोस. रोज करतोस तेच कर. अंगठा घे. जगली की शिव्या देईल आणि विसरून जाईल."

संध्याकाळी फय्याज कागद आणि शाईचा पॅड घेऊन आईपाशी बसला आणि अरबीत म्हणाला, "अम्मा, तुह्या मनासारखं. घरी जाऊ. ह्याच्यावर अंगठा दे, सुटीचा कागद आहे."

मेहरबीनं अंगठा पुढं केला. त्यानं तो शाईत दाबला. मग तिनं दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी वर केली आणि त्याचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अंगठा तिनं आपल्या लुगड्याला पुसला.

"खोटं बोलाचं असंन तं वऱ्हाडीत बोलत जाय माह्याशी," ती म्हणाली. "माह्या बापाच्या जबानीत नोको."

दोन दिवसांनी त्यानं तिला वाशीमला आणून सोडलं. रेल्वेत, मोटारीत, घरात, ती त्याच्याशी अरबी बोलली नाही. तो अरबीत काही म्हणाला की ती वऱ्हाडीत उत्तर द्यायची, परक्या माणसाला देतात तसं.

उम्म राशिदनं त्याच आठवड्यात घरी जायचं म्हणून हट्ट धरला. पण जहाज नव्हतं, आणि पाहुणा सर्जन चार दिवसांवर आला होता. तिला धरून थेटरात नेलं. बाकांवर दीडशे पोरं होती. ती टेबलावरच गेली. पाहुण्यांनी सांगितलं, ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. पोरांनी ते लिहून घेतलं. कुवेतहून तिचा दीर आला तेव्हा त्याच्याशी बोलायलाही फय्याजलाच बोलावलं.

मेहरबी चौदा महिने जगली. गाठ फुटली, जखम झाली, जखमेला वास येऊ लागला. बांगडीची टोपली कोनाड्यात पडली, कारण ज्या घरात ती जाई तिथल्या बाया तिला दारातूनच परत पाठवू लागल्या. माझी आई, ललिताबाई, तिला दुपारी भाकर नेऊन द्यायची, तीही उंबऱ्याच्या आत जात नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे. लतीफा एकटी कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं जखम धुवायची. दवाखान्यातून फय्याज पट्ट्या, मलम, झोपेच्या पुड्या पाठवायचा. मेहरबी पुड्या घेत नव्हती. "कायच्या आहेत कोणाले मालूम," म्हणायची. शेवटचे दोन महिने तिच्या ओरडण्यानं गल्ली जागी राहायची. झोप येईल अशा पुड्यांनी डबा भरलेला होता.

फय्याज मातीला पोचला नाही. तो आला तेव्हा तीन दिवस झाले होते. लतीफानं त्याला पाणी दिलं, आणि मरणाचा चाळिसावा दिवस झाल्यावर ती कारंज्याला भावाकडं निघून गेली. तो न्यायला गेला तर बाहेर आली नाही.

सन अडतीसमध्ये मी कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा त्याला भेटलो. छातीवर दुभाषी म्हणून पितळी बिल्ला होता. मला पाहून त्याला फार आनंद झाला. कोण गेलं, कोण राहिलं, सगळं विचारलं. मी आईकडून सगळं ऐकलेलं होतं. मला राहवलं नाही.

"फय्याजभाई, आता तरी लोकायले खरं सांगत जा."

तो बाकावर बसला. "सांगून पाह्यलं," म्हणाला. "अम्मा गेली त्याच्यानंतर सहा मह्यने सगळ्यायले खरं सांगतलं. साहेब काई म्हणो. सात जण उठून गेले. त्यातल्या चौघायचं मले मालूम आहे, जहाजातच गेले. एक तं पोरगीच होती, अठरा वर्षाची, अपेंडिक्स. अर्ध्या तासाचं काम होतं. मी सांगतलं पोट फाडते म्हणून. तिच्या बापानं तिले उचलून नेलं."

"मंग?"

"मंग सोडलं."

आतून शिपायानं त्याच्या नावानं हाक मारली. सकाळी मस्कतची आगबोट लागली होती, नवे रोगी आले होते. फय्याज उठला, टोपी नीट केली आणि मला म्हणाला, "जेवल्याबिगर जाऊ नको, मी येतोच." मी तासभर थांबलो. दाराच्या फटीतून दिसत होतं, तो एका म्हाताऱ्या अरबाच्या खाटेवर बसून त्याचा हात हातात धरून काहीतरी सांगत होता, आणि म्हातारा मान हलवत होता. मला परतीची गाडी होती. मी निघालो.